न मागता बसणं

घाटकोपरच्या पंतनगरात रुक्मिणी परबच्या डब्यांचं नाव होतं. वालाची उसळ, सोलकढी, बुधवारी-रविवारी माशाचं तिखलं. पण ही बाई आठवड्यातले चार दिवस स्वतःच्या हातचं चाखत नसे. मीठ ती वासावरून ओळखायची.

सुरुवात एका सोमवारापासून झाली. मुलगा हर्षद लहानपणी काविळीनं अंथरुणाला खिळला तेव्हा तिनं सोमवार धरला. पोर बरं झालं. मग नवऱ्याच्या, दत्तारामच्या नोकरीवर गंडांतर आलं तेव्हा मंगळवार. मुलीच्या, मानसीच्या दहावीला गुरुवार. साडेसातीला शनिवार. वार वाढत गेले, सुटला एकही नाही. धरलेलं सोडलं की घरावर काहीतरी येतं, असं तिला आईनं सांगितलं होतं आणि आईला आजीनं.

“अगो, देवाक तरी एक दिवस सुट्टी दी,” दत्ताराम म्हणायचा. तिला हसू यायचं नाही.

सहा वर्षांपूर्वी एका सोमवारी ऑर्डर मोठी होती. डाळीत मीठ पडलं की नाही, आठवेना, वासावरूनही कळेना. तिनं चमचाभर डाळ जिभेवर ठेवली. त्याच संध्याकाळी कामावरून परतताना दत्ताराम जिन्यात कोसळला आणि इस्पितळात पोचेपर्यंत संपला.

त्या चमच्याबद्दल ती कुणाशीच बोलली नाही. उपवास मात्र आणखी कडक केले. पाणीही दिवेलागणीनंतरच. पुढे मधुमेह निघाला. डॉक्टरांनी उपवास बंद करायला सांगितलं, तर तिनं मान डोलावली आणि घरी येऊन तेच चालू ठेवलं.

गेल्या वर्षी एका सोमवारी दुपारी ती ओट्यापाशी भोवळ येऊन पडली. भांडं आपटल्याचा आवाज ऐकून समोरच्या घरातली शकु धावली. शकु मूळची जालन्याकडची, बौद्ध घरातली, पालिकेच्या इस्पितळातून नर्स म्हणून निवृत्त झालेली. रुक्मिणी पुरती बेशुद्ध नव्हती. शकुनं तिला टेकवून बसवलं आणि साखरेचं पाणी घोट घोट पाजलं.

तोंडातला गोडवा कळला तशी रुक्मिणी ओक्साबोक्शी रडायला लागली.

“काय केलंस गं हे? आता कोण जाणार?”

“कोण जाणार म्हणजे?”

मग पाच वर्षांत पहिल्यांदा तो चमचा बाहेर आला. शकुनं सगळं ऐकलं.

“रुक्मिणी, दत्तारामभाऊंच्या छातीत दोन महिने दुखत होतं. माझ्याकडे प्रेशर बघायला यायचे. मोठ्या डॉक्टरला दाखवा म्हणून मी मागे लागले होते. पण म्हणायचे, शकुताई, हिला सांगू नका, ही आणखी एक वार धरेल. मी नाही सांगितलं. सांगायला हवं होतं गं. मलाही ते रोज टोचतं.”

रुक्मिणीनं तिला दार दाखवलं. चार दिवस दोघी बोलल्या नाहीत. त्या चार दिवसांत शकुवरचा राग हळूहळू स्वतःवर आला आणि मग तोही दमला. आपल्या भक्तीची आपल्या माणसाला भीती वाटत होती! ज्या देवापुढे तिनं जन्म घालवला, त्याला ती कधी भेटलीच नव्हती. भेटली होती ती फक्त आपल्या धास्तीला.

पाचव्या सकाळी तिनं शकुचं दार वाजवलं.

“तू पहाटे डोळे मिटून बसतेस ना? काय मागतेस?”

“काहीच नाही. श्वास येतो, जातो. मनात जे येतं ते बघते.”

“मला जमेल?”

“बसून बघ. मला तरी कुठे रोज जमतं?”

पहिले काही दिवस रुक्मिणीला नुसत्या मागण्याच आठवत. हर्षदची बढती, मानसीचं बाळंतपण, गुडघे. मग भीती यायची, काळीकुट्ट. पण पळून न जाता तिच्याकडे बघत राहिलं की ती थोड्या वेळानं ओसरते, हे तिला कळत गेलं. एका सकाळी दत्ताराम आठवला तो जिन्यातला नव्हे, तर गणपतीत फुगडी घालून धापा टाकणारा. मिटल्या डोळ्यांनीच ती हसली. शेजारी बसलेल्या शकुनं एक डोळा उघडून पाहिलं आणि परत मिटला.

त्या सोमवारी ती दुपारी भात जेवली. आभाळ कोसळलं नाही. हर्षदला फोन करून तिनं सारं सांगितलं.

“आई, माझ्यापायी एवढी वर्षं?”

“तुझ्यापायी नाय रे. माझ्या भियापायी. तू बरा झालास, त्याचे आभारसुद्धा मी कधी नीट मानले नाहीत बघ. लगेच पुढचं मागत बसले.”

मे महिन्यात गावी गेल्यावर ती रवळनाथाच्या देवळात उभी राहिली. गुरव गाऱ्हाणं घालायला पुढे झाला, तिनं त्याला थांबवलं आणि स्वतःच हात जोडले.

“म्हाराजा, दिलंस ता खूप दिलंस. आज मागणा काय नाय. वायच बसान जातंय.”

देवळाच्या गार फरशीवर ती तासभर बसली. उठताना गुडघे कुरकुरले, तेव्हा गुरवानंच हात दिला.