तसबिरीमागची भिंत

देवीदास नंदेश्वर हा भित्रा माणूस होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. उभी हयात रायपूरच्या रेल्वे वॅगन शॉपमध्ये लोखंडाशी झटण्यात गेली, हाताला घट्टे पडले, छातीही चांगली भरदार. पण त्या छातीत काळीज सशाचं. पाल चुकचुकली की दचकायचा, बँकेतून फोन आला की घामाघूम व्हायचा. मुलगी पायल स्कूटीवरून शंकर नगरच्या ऑफिसात पोचली, असा तिचा मेसेज आल्याशिवाय त्याच्या घशाखाली चहा उतरायचा नाही. बायको सरिता म्हणायची, "तुमच्यासंगं राहून राहून मलेच शूर व्हावं लागलं."

आणि अशा माणसावर रिटायर झाल्यावर घर विकत घ्यायची पाळी आली.

घर विकत घेतात म्हणजे नेमकं काय करतात, हे त्याला ठाऊकच नव्हतं. बाप गोंदियाकडून रेल्वेत रुळांच्या गँगवर भरती होऊन इकडे आला. देवीदास क्वार्टरात जन्मला, क्वार्टरातच त्याचं लग्न झालं, क्वार्टरातच पायल झाली. क्वार्टर बदललं तरी भिंती त्याच, पिवळ्या, रेल्वेच्या. नळ गळला की कंप्लेंट लिहायची, छत गळलं की कंप्लेंट लिहायची. माणसं आज ना उद्या यायची, आणि नाही आली तर निदान त्यांना शिव्या घालता यायच्या. भीती एकच होती, क्वार्टर सोडतानाच्या तपासणीची. भिंतीला भोक दिसलं तर भरपाई कापतील, या धास्तीने तो आदल्या दिवशी सगळे खिळे उपटायचा आणि भोकांत टूथपेस्ट भरायचा. मोठा पोपडा निघाला असेल तर त्यावर कॅलेंडर टांगायचा. थोडं खाली, थोडं बाजूला, जिथे कोणी शहाणा माणूस कॅलेंडर टांगणार नाही नेमकं तिथे. तपासणीला आलेला बाबू कॅलेंडर उचलून बघत नसे. कॉलनीत सगळेच असं करत आणि बाबूलाही ते माहीत होतं.

आता हे क्वार्टरही सोडायचं होतं. रेल्वेने दिलेली सवलतीची मुदत संपत आली होती. पायल म्हणाली, "पापा, फ्लैट ले लो ना, कोई झंझट नहीं." पण परवडणारे फ्लॅट सगळे बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर, आणि सरिताचे गुडघे पहिल्याच मजल्याला हात टेकायचे. तेवढ्यात बुद्धविहारात सरिताला कळलं की गुढियारी वस्तीतल्या शेवंताबाई गजभिये घर विकून मुलाकडे नागपूरला चालल्या आहेत. शेवंताबाईंचा नवरा मालधक्क्यावर हमाल होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. सरिता घर बघून आली ती ठरवूनच आली.

घराला डागडुजी लागणार हे कोणीही सांगितलं असतं. समोरच्या खोलीवर स्लॅब, मागच्या भागावर कवेलू, म्हणजे कौलं, त्यातली अर्धी फुटकी. फरशी मधोमध खचलेली. न्हाणीला दाराऐवजी पोतं. पण अंगणात शेवग्याचं झाड होतं आणि शेजार विहारातल्या ओळखीचा होता. सरिताला त्यात आपलं घर दिसलं. देवीदासला फक्त घराच्या कडेने जाणारी रेल्वेलाईन दिसली.

पहिल्यांदा दोघं मिळून गेली तेव्हा चहाचा कप त्याच्या हातात असतानाच मालगाडी आली. आधी मांडणीवरची भांडी किणकिणली. मग पायाखालची फरशी बारीक थरथरू लागली आणि वरच्या लाकडातून चिमूटभर माती त्याच्या चहात पडली. गाडी लांबलचक होती. ती संपेपर्यंत देवीदास श्वास धरून बसला. आयुष्यभर ज्या डब्यांची दुरुस्ती केली ते डबे असे घर हलवतात, हे त्याला आत्ता कळत होतं.

"मावशी," तो म्हणाला, "इथं काही पडलं-झडलं तर कंप्लेंट कोणाकडं करा लागते?"

शेवंताबाई हसून हसून खोकल्या. "कोणाकडं करता भाऊ? तुमचं घर, तुम्हीच साहेब."

त्या हसत होत्या आणि देवीदास भिंतींकडे बघत होता. क्वार्टरची भिंत पडली तर ती रेल्वेची भिंत पडते. इथली पडली तर त्याची पडणार, आणि पडणार ती सरिताच्या अंगावर.

घरी आल्यावर सरिताने कामं वाटून घेतली. छताचं ती मिस्त्रीशी बोलणार, भिंती देवीदासने बघायच्या. "जन्मभर ठोकठोकच केली तुम्ही. तुम्ही हव म्हटलं तर घेऊ. नाही म्हटलं तर मी त्या घराचं नावबी काढणार नाही. पण एक आहे, मधली खोली माझी. माझा पलंग लाईनकडल्या भिंतीले लावीन. उन्हाळ्यात तिथंच गार राहते."

दोन-चार दिवसांनी तो एकटाच गेला. सकाळची वेळ होती, शेवंताबाई अंगणात धुणं वाळत घालत होत्या. "पाहा ना जी, सगळं पाहा," म्हणाल्या. देवीदासने बोटाच्या पेरांनी एकेक भिंत ठोकली. समोरच्या खोलीची भरीव लागली. स्वैपाकघराची एका कोपऱ्यात ओली होती, पण पक्की. त्याला थोडा धीर येऊ लागला. मग तो मधल्या खोलीत गेला.

लाईनकडल्या भिंतीवर बाबासाहेबांची मोठी तसबीर होती. काचेची, जाड चौकटीची, चंदनाचा हार घातलेली. आणि ती खाली होती. बसलेल्या माणसाच्या डोक्याइतकी खाली, भिंतीच्या मध्याला सोडून एका बाजूला, जिथे उजेडही धड पोचत नव्हता. समोरची मोठी, मोकळी, उजेडाची भिंत रिकामीच होती. तिथे कोणालाही तसबीर लावावीशी वाटली असती.

देवीदास तिथेच थबकला. अशी जागा कोण निवडतं, का निवडतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? स्वतःच्या हाताने किती कॅलेंडरं टांगली होती त्याने! चौकट जराशी सरकवली असती तर काम झालं असतं. हात पुढे गेलाही. पण बाबासाहेबांची तसबीर उचलून मागे बघायचं म्हणजे काय करायचं? बाबासाहेबांवर संशय घ्यायचा? आणि बाहेर धुणं वाळत घालणाऱ्या त्या बाईला, जी दर पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून विहारात पहिल्या रांगेत बसते, तिला काय सांगायचं? तू बाबासाहेबांच्या आड खोटं लपवलंस म्हणून? त्याने दोन्ही हात जोडले, डोकं वाकवलं आणि तो बाहेर आला. दुसऱ्या कुठल्याही वस्तूमागे त्याने डोकावून बघितलं असतं.

"पाह्यल्या भिंती?" घरी सरिताने विचारलं.

"पाह्यल्या."

"सगळ्या?"

"हव. सगळ्या."

तिच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की पुढचं काही बोलायची त्याची छातीच झाली नाही.

तिथून पुढे त्याचे हाल सुरू झाले. सरिताने कॉलनीभर सांगितलं. बयाना, म्हणजे इसार, देण्याचा दिवस ठरला. ती त्याला सदर बाजारात पडद्याचं कापड घ्यायला घेऊन गेली, आणि दुकानदार तागा उलगडत असताना देवीदासला दिसत होती ती मधली खोली, भिंतीला लागलेला पलंग, झोपलेली सरिता आणि येणारी मालगाडी. "हा निळा चांगला दिसन ना?" ती विचारायची, तो मान हलवायचा. जेवण तुटलं. दूरवर गाडी वाजली की हातातला घास हातात राहायचा. कितीदा त्याने तोंड उघडलं! पण ती विचारणार, मंग तुम्ही पाह्यलं काहून नाही? पाहिलं नाही तर पाहिलं असं सांगितलं काहून? भिंतीची भीती एकीकडे आणि सरितासमोर खोटं पडायची दुसरीकडे. त्या दोहोंमध्ये देवीदास वाळत चालला.

बयान्याच्या दिवशी शेवंताबाईंनी चिवडा केला होता. मधल्या खोलीतच सतरंजी अंथरली होती. सरिताने पर्समधून बयान्याच्या पैशांचं पाकीट काढलं, तसबिरीसमोर धरून कपाळाला लावलं आणि मालगाडी आली.

भांडी किणकिणली. फरशी थरथरली. आणि तसबीर भिंतीवर आपटू लागली. टक, टक, टक. देवीदासने कान टवकारले. भरीव भिंतीवर चौकट अशी वाजत नाही. मागे पोकळ होतं.

सरिताने पाकीट पुढे केलं. देवीदासने तिचं मनगट धरलं.

"थांब."

दोघी त्याच्याकडे बघू लागल्या. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. तरी तो बोलला. "मावशी, माफ करा. त्या तसबिरीमागं काय आहे?"

गाडीचा शेवटचा डबा निघून गेला. आता ही बाई तळतळाट देणार, उद्या विहारात तोंड दाखवायची सोय राहणार नाही, असं त्याला वाटलं. शेवंताबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. तसबिरीपुढे हात जोडून "जय भीम, बाबा" म्हणाल्या आणि तसबीर उचलू लागल्या. एकटीला पेलेना, तेव्हा सरिताने हात लावला.

मागे भेग होती. खालून तिरपी वर गेलेली, बोट आत जाईल एवढी रुंद. तिच्यात जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या होत्या. वरच्या टोकाला चिंध्या सुटल्या होत्या आणि तिथून लाईनकडचा उजेड आत येत होता. नेमका तिथेच सरिताचा पलंग येणार होता.

"हे होते तवा एवढी नव्हती," शेवंताबाई तसबीर छातीशी धरून म्हणाल्या. "ते गेले अन् मंग वाढतच गेली. गाडी आली का मी तिकडंच पाहत बसो. आज किती वाढली, आज किती वाढली. एकटी बाई, कोणाले सांगू? पोराले सांगतलं तर तो म्हणे, घर सोड. भेव सहन होये ना, म्हणून मी बाबासाहेबाले तिथं उभं केलं. म्हटलं, आता तुम्ही पाहा, मी नाही पाहत." त्यांचे डोळे वाहू लागले. "तुमाले फसवाचं नव्हतं हो भाऊ. रोज ठरवो का आज सांगन. तसबीर उतरवाची हिंमत नाही झाली."

सरिता नवऱ्याकडे वळली. "तुम्ही तर सगळ्या पाह्यल्या म्हणत होते."

"ही नाही पाह्यली," देवीदास म्हणाला. "हातच नाही उठला. अन् तुले खोटं सांगतलं."

तिने त्याच्याकडे बघितलं, मग शेवंताबाईंच्या छातीशी असलेल्या तसबिरीकडे. "माझाबी नसता उठला," ती हळूच म्हणाली.

आता प्रश्न असा आला की तसबीर ठेवायची कुठे. खाली जमिनीवर ठेवता येत नव्हती. भेगेवर पुन्हा लावायला तिघांपैकी कोणी तयार नव्हतं. आणि शेवंताबाईंचे हात भरून आले होते. "समोरच्या भिंतीले खिळा ठोका," त्या म्हणाल्या. "हातोडी फळीवर आहे."

देवीदासने समोरची भिंत खालपासून वरपर्यंत ठोकली, दोनदा ठोकली. भरीव होती. त्याने खिळा टेकवला, हातोडी उचलली आणि तो थांबला. "खिळा ठोकला तर चालन ना?"

"कोणाले विचारून राहिले?" सरिता म्हणाली.

खरंच, कोणाला? दारात तपासणीचा बाबू नव्हता. त्याने हातोडी मारली. पहिला घाव बोटावर बसला. दुसऱ्याला थोडं प्लास्टर उडालं आणि तो सवयीने दचकून मागे बघू लागला. तिसऱ्याला खिळा विटेत शिरला आणि घट्ट बसला. उंचावर, मधोमध, उजेडात तसबीर लागली. शेवंताबाईंनी पदराने काच पुसली.

मग बराच वेळ बोलणं झालं. लाईनकडली भिंत पायापासून उतरवून नवी बांधायची. आधी मिस्त्रीला दाखवायचं, मग बाकीचा व्यवहार. आणि शेवंताबाईंनी आजपासून या खोलीत निजायचं नाही, नागपूरला जाईपर्यंत क्वार्टरात येऊन राहायचं. हे शेवटचं देवीदास बोलला, आणि इतक्या ठामपणे बोलला की सरिता चमकली. पाकीट अजून तिच्याच हातात होतं. ते द्यायचं की पर्समध्ये परत ठेवायचं, हे अजून ठरलं नव्हतं.

तेवढ्यात पुन्हा गाडी आली. भांडी किणकिणली, भेगेतून थोडी माती सांडली. तिघांनीही समोरच्या भिंतीकडे बघितलं. हार हलला. चौकट मात्र वाजली नाही.

सरिता देवीदासच्या जवळ सरकली. "भेव वाटून राहिलं का तुमाले?"

"हव," तो म्हणाला. "लय."

"मलेबी," सरिता म्हणाली.

लग्नाला इतकी वर्षं झाली, हे तिच्या तोंडून त्याने कधी ऐकलं नव्हतं. तिचा हात त्याने हातात घेतला तर तो गार होता. त्याच्याच हातासारखा. ती भीत नाही, या एका आधारावर त्याने आजवर सगळं निभावलं होतं. आणि ती कुणाच्या आधारावर होती, हे कधी विचारलंच नव्हतं.

त्याने तिच्या हातातलं पाकीट घेतलं आणि दोन्ही हातांनी शेवंताबाईंच्या पुढे धरलं. ठोकलेल्या बोटातून थोडं रक्त येत होतं, ते पाकिटाला लागू नये म्हणून त्याने ते बोट वर उचलून धरलं.