अटसाहेबांचं मानपत्र

पाणीपुरवठा कार्यालयातल्या हेडक्लार्कना सगळे तोंडावर 'काका' म्हणत आणि पाठ वळली की 'अटसाहेब'. तीन दिवसांच्या प्रशिक्षणातून ते एकच गोष्ट शिकून आले होते: संगणकावरच्या कागदात एखादा परिच्छेद अट घालून लपवता येतो. अट पुरी झाली तर तो छापला जातो, नाहीतर असा गडप होतो की खालचा मजकूर वर सरकतो आणि मधली फटसुद्धा दिसत नाही. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते हेच. महिन्याचा अहवाल त्यांनी एकाच फाइलीत बसवला. वरिष्ठांच्या प्रतीत गळतीचा परिच्छेद दिसत नसे, फिटरांच्या प्रतीत तेवढाच दिसे. नळाला पाणी दोन्ही प्रतींत सारखंच येई, म्हणजे येत नसे.

त्यांची लाडकी फाइल निवृत्तीच्या मानपत्राची. वर फक्त पद टाइप करायचं. पद अधिकाऱ्याचं असलं की 'सर्वांच्या आधी येणे आणि सर्वांच्या नंतर जाणे हा यांचा नेम. या कार्यालयाचा कणा कोण, तर हेच' असा आठ ओळींचा परिच्छेद हजर. अधिकारी अकराला उगवत, ही गोष्ट वेगळी. बाकीच्यांना दोन ओळी: सेवा केली, शुभेच्छा. कौतुक सगळ्यांना सारखंच वाटून टाकलं तर त्याला किंमत काय राहिली, असं ते चहा पिताना सगळ्यांना शिकवत. आपणही अधिकारी नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं ते स्वतःची निवृत्ती आठ दिवसांवर आल्यावर.

मेव्हणा अधिकारी म्हणून निवृत्त झाला होता. त्याचं मानपत्र फ्रेम करून भिंतीवर लावलेलं होतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते ऐकल्याशिवाय सुटका नव्हती. अटसाहेबांनी त्याला समारंभाचं आमंत्रण आधीच देऊन ठेवलं होतं. घरच्या भिंतीत खिळाही ठोकून झाला होता. आता त्या खिळ्यावर दोन ओळी लावायच्या? त्यांना जेवण जाईना.

अटीत हेडक्लार्क हे पद घुसवलं असतं तर चोरी उघडी पडली असती, कारण हेडक्लार्क ते एकटेच. म्हणून त्यांनी अटच काढून टाकली; आता पद कुठलंही असो, आठ ओळी छापल्या जाणार. कुणी विचारलंच, तर संगणकाच्या नावाने बिल फाडता आलं असतं. त्याच दिवशी झाडलोट करणाऱ्या मावशीही निवृत्त होणार होत्या, हे त्यांच्या गावीही नव्हतं. खालच्यांची यादी वाचायची त्यांना सवयच नव्हती; त्यांची मानपत्रं त्याच फाइलीतून शिपाई छापून काढी.

समारंभात मुख्य अधिकाऱ्यांनी दोन्ही मानपत्रं वाचली. आधी अटसाहेबांचं. 'सर्वांच्या नंतर जाणे' हे शब्द आले आणि मागच्या रांगांत खोकल्याची साथ पसरली, कारण पाचच्या ठोक्याला हे गृहस्थ जिन्यात असत. मग मावशींचं. तीच वाक्यं. सव्वीस वर्षं सकाळी कुलूप काढणाऱ्या आणि संध्याकाळी तेच लावणाऱ्या मावशी मान खाली घालून ऐकत होत्या. खोकला थांबला. आधी फिटर उठून उभे राहिले, मग सगळेच. त्यांत अटसाहेबांची बायकोही होती.

मुख्य अधिकाऱ्यांनी अटसाहेबांना कोपऱ्यात घेतलं. मावशींच्या पत्रात हे कुठून आलं, अट परत घाला, दोन्ही पत्रं नव्याने छापू, म्हणाले. अट परत घातली की आपल्याही आठ ओळी गेल्या, हे अटसाहेबांइतकं दुसऱ्या कुणाला कळणार?

"अट आता बसत नाही साहेब," ते म्हणाले. "संगणक ऐकत नाही."

सबंध नोकरीत त्यांच्या हातून घडलेला हा एकुलता एक न्याय, आणि तोही एका खिळ्यापायी.

रविवारी फ्रेम भिंतीवर लागली. मेव्हणा चहा पिऊन लगेच निघून गेला. बायको चष्मा लावून ओळ न् ओळ वाचत उभी राहिली. शेवटची ओळ वाचून झाली तेव्हा त्यांनी विचारलं, कसं वाटतं.

"छान आहे हो," ती म्हणाली. "नाव तेवढं तुमचं. बाकी सगळं मावशींचं."