वाफ्यातल्या तुकड्यांचा प्रश्न

हे मी आजवर कुणाजवळच बोललो नाही. घरी सांगून समजलं नसतं — कॉलेजात जाणारा आमच्यातला मी पहिलाच. आणि ज्यांना समजलं असतं, त्यांच्यासमोर तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या वर्षाला असताना इस्लामपूरला आमच्या मॅडमनी 'होरायझन स्कॅनिंग' घेतलं. म्हणजे काय — आज कुणाच्या नजरेत नसलेली, पण पुढं मोठी होणारी गोष्ट आत्ताच हेरायची, आणि विज्ञानानं उद्या कशावर संशोधन करावं ते ठरवायचं. प्रत्येकानं एक प्रश्न द्यायचा, नाव न घालता. मग चर्चा, मग गुपचूप गुण. जो प्रश्न वर येईल त्यावर कॉलेज खरंच काम सुरू करणार होतं, आणि तो ज्याचा, त्यालाही सोबत घेणार होतं.

त्यात एक प्रश्न होता — स्ट्रॉबेरीच्या वाफ्यावर अंथरलेला मल्चिंग पेपर फाटतो, प्लास्टिकचे तुकडे मातीतच राहतात. वीस वर्षांनी त्या मातीचं काय झालेलं असेल?

चांगला होता. इतका चांगला, की मला वास आला. आमच्या वर्गातल्या पारसच्या वडिलांचं सांगलीत शेतीच्या प्लास्टिकचं दुकान. हा प्रश्न म्हणजे मातीत विरणारा नवीन, महागडा पेपर खपवायचा डाव — असं मला का वाटावं? आमच्यात कुणी फुकट गूळ दिला तरी आधी दिव्याखाली धरून बघतात, म्हणून? चर्चेत पारस स्वतःच उठला. "आमीच इकतो तो पेपर. म्हणून तर इचारलं पायजे." सगळ्यांना ते सरळ वाटलं. मला — पुरावा.

चहाच्या सुट्टीत मी पोरांच्या कानाला लागलो. "दुकानदाराचा प्रश्न हाय गड्या. शून्य टाक."

"व्हय की! लय शाणा निघाला रं पारस!" पोरं हसली. प्रश्न तळाला गेला.

संध्याकाळी एसटी स्टँडवर सुनंदा भेटली — महाबळेश्वरकडची, माझ्याशी आपणहून बोलणारी वर्गातली एकटीच. "माझा हुता रं तो पेपरचा प्रश्न. आई लोकांच्या वाफ्यातनं दिवसभर तुकडे येचती. एवढी शून्यं कुणी दिली आसतील?"

मॅडम अजून कॉलेजातच होत्या. परत जाऊन खरं सांगता आलं असतं. मी काय बोललो?

"पारसनंच सगळ्यांना शून्य टाकायला सांगितलं आसंल. वरनं गोड, आतनं धंदा."

तिला पटलं. त्यानंतर ती पारसशी बोलली नाही. का, ते त्याला कधीच कळलं नाही — मलाच विचारायचा, डबा उघडून माझ्यापुढं सारत.

वर्गात मला संशय होता. स्टँडवर — मला सगळं माहीत होतं.