मेन पाडला होता, तरी काठी ओरडत होती

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काय केलं, तर गोधडी पिळली. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. तिनं एकीकडं पीळ घातला, मी दुसरीकडं. माझ्या हातात आता पूर्वीचा जोर नाही. टोक सुटलं.

"अवं, भाकरी खाल्ली न्हाय काय सकाळी?"

"तू पराठा दिलास. पराठ्यानं जोर येत नाही."

"जन्मभर फौजेला पराठंच चारलं की! आता नावं ठेवा."

खरं आहे. मी फौजेत लांगरी होतो, जवानांचा स्वयंपाकी. गाव सातारा जिल्ह्यात. शेवटची बदली इकडं चंदीगडला झाली, पोरगं इथल्या शाळेत रुळलं आणि आम्ही राहून गेलो. सेक्टर ४३ च्या बस अड्ड्यापासून चालत येण्यासारखं भाड्याचं घर. खाली आम्ही, वर मालक, आणि गच्चीवर मालकानं पत्र्याच्या खोल्या काढून भाड्यानं ठेवलेली पोरं. मालकाचा जिना आतून, त्याच्या मजल्यापुरता; गच्चीवर जायला घराच्या बाहेरून लोखंडी जिना.

ओली गोधडी खांद्यावर टाकून ती त्या जिन्यानं वर गेली. माझे गुडघे चढत नाहीत, मी खाली राहिलो. ती अनवाणी होती हे मी आधीच सांगून टाकतो, कारण नंतर आलेल्या प्रत्येकानं मला तेच ऐकवलं. चप्पल घालायला पाहिजे होती म्हणे. बाईनं राहत्या घराच्या जिन्यावर अनवाणी चढू नये, असा कायदा कुठं आहे तो दाखवा मला.

मी अंगण खराट्यानं झाडत होतो. जिन्याच्या पायथ्याशी मीटरचा बोर्ड आहे, त्यात तडतड झाली आणि धूर निघाला. वर बघितलं. ती वरच्या वळणावर खाली बसली होती, गोधडी कठड्यावर, हात गोधडीवर. हाक मारली. तिनं मान वळवली नाही.

शेजारी क्रिकेटची बॅट घेऊन पळत आला आणि बॅटनं ठोकून मेन स्विच पाडला. तरी बोर्डाचं प्लास्टिक पेटलंच. जाळ पायथ्याला, जायचं कुठून? मी बादली उचलली तर शेजाऱ्यानं हिसकावून घेतली. कुणीतरी फायरवाल्यांना फोन लावला होता. गाडी लगेच आली. लगेच आली, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. त्यांनी पाणी मारलं नाही, पावडर मारली. जाळ बसला.

मग त्यांच्यातला एक जण पुढं झाला. त्याच्या हातात पिवळी काठी होती, लाटण्यापेक्षा लांब. आधी त्यानं ती रस्त्यावरच्या विजेच्या खांबाकडं धरली. काठी पीं पीं वाजली. म्हणजे काठी चालते आहे, हे त्यानं बघून घेतलं. मग जिन्याकडं वळवली. करंटला हात न लावता ती लांबूनच ओळखते. लांब असला तर थांबून थांबून वाजते, जवळ गेलं की एकसारखी किंचाळते. जिन्यापाशी ती किंचाळली.

"मेन गिरा दिया जी! मेन गिरा दिया!" सगळी गल्ली ओरडत होती.

मी धावलो. काठीवाल्यानं मागून कमरेला मिठी मारून मला उचललंच.

"छोड़! मेरी घरवाली है ऊपर!"

"सीढ़ी में करंट है, बाऊजी."

"मेन बंद है रे!"

"तो फिर ये क्यों बोल रही है?"

मी त्याच्या हाताला चावलो. रक्त निघालं. त्यानं सोडलं नाही. मला तसाच धरून त्यानं गर्दीला विचारलं, "इन्व्हर्टर किसका है? छत पे लाइन कहाँ से गई है?"

मालक माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता. चाव्यांचा जुडगा त्याच्या मुठीत. त्यानं जमिनीकडं बघितलं.

या शहरात घरोघरी इन्व्हर्टर. मेन पडला की तो आपोआप चालू होतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत. मालकाच्या खिडकीतून पंखा गरगर फिरताना दिसत होता, आणि आम्ही खाली उभे राहून ओरडत होतो की करंट गेला! फायरवाल्यानंच तो पंखा बघितला, आणि तिथून कठड्याला बांधून गच्चीवर गेलेली वायर. त्याच्या साथीदारानं मालकाच्या दाराचं कुलूप फोडलं, आत जाऊन बॅटरीच्या तारा सोडल्या. काठी गप्प झाली. त्यानं ती परत एकदा खांबाकडं धरली, वाजली. परत जिन्याकडं धरली, गप्प. तेव्हा त्यानं मला सोडलं आणि माझ्याआधी स्वतः धावत वर गेला.

तिला दोन्ही हातांवर घेऊन खाली आला. छाती दाबत राहिला. माझ्या दातांच्या खुणांतलं रक्त तिच्या पदराला लागलं. हॉस्पिटलात सांगितलं, गेली. पोस्टमार्टम उद्या सकाळी.

संध्याकाळी घर माणसांनी भरलं. मालक चहाची किटली घेऊन आला, मग खिशातून मोबाईल काढला.

"फौजी साब, बस इतना बोल दो. मेन बंद था, फिर भी फायरवाले ने रोक के रखा. उसकी नौकरी मैं देख लेता हूँ."

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझा पोरगा आयटी पार्कात कामाला आहे. तो भिंतीला टेकून उभा होता. त्याला मराठी कळतं, बोलतो हिंदीच.

"बाबा, बोल दो ना. आई ऊपर थी और उसने आपको पकड़ के रखा."

त्याचा राग खोटा नव्हता. म्हणून मी त्याला शिवी दिली नाही. मालकाला म्हणालो, कर चालू. आणि मोबाईलकडं बघून बोललो, "मेन बंद था. इन्व्हर्टर चालू था. वायर कठड्याला बांधून छत पे ले गया ये आदमी. फायरवाले ने पूछा तब चुप खड़ा था."

मालकानं मोबाईल खाली केला. "सदमे में हैं जी. कुछ भी बोलते हैं."

"बायको मेली माझी, अक्कल नाही मेली!" हे मराठीत निघालं. कळलं सगळ्यांना.

माणसं गेल्यावर पोरगा म्हणाला, "आपको गुस्सा नहीं आया उस पे?"

"आला. चावलो की त्याला. पण काठी गप्प झाली, तसा माझ्याआधी तोच वर पळाला. त्यालाही वर जायचं होतं रे. त्यानं मला सोडलं असतं तर उद्या तू दोन पोस्टमार्टमला उभा राहिला असतास. मला तेही चाललं असतं, तो विषय वेगळा. पण खोटं बोलून त्याच्या पोटावर मारणार नाही. तिलाही ते आवडलं नसतं, आणि तिला नाही आवडलं की काय व्हायचं ते तुला माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलला निघायच्या आत अंगणात शिडी घासल्याचा आवाज आला. बाहेर आलो. मालकाचा वायरमन कठड्याची वायर काढायला आला होता. मालक खाली उभा.

"सेफ्टी करवा रहे हैं जी."

"बॅटरी जोड़ी है क्या?" मी वायरमनला विचारलं.

"नहीं जी."

"पक्का?"

"पक्का."

त्याच्या हातातली पक्कड काढून घेतली, जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर ठेवली आणि तिच्यावर बसलो.

"बाऊजी, मेरी पक्कड़..."

"अंडा दे लूँ, फिर देता हूँ."

मालक लाल झाला. "आज ही मकान खाली करवा दूँगा, फौजी."

"करवा. पण पोलिसांनी बघितल्याशिवाय या वायरला हात लागणार नाही."

"समझाओ अपने बाप को," तो माझ्या पोराला म्हणाला. पोरगा माझ्या बाजूनं वर चढला, वळणापाशी वाकला. तिथं वायर कठड्याला घासून सोलली गेली होती, आतलं तांबं उघडं पडलं होतं. मग खाली येऊन त्यानं फायर स्टेशनला आणि पोलिसांना फोन लावला.

ते येईपर्यंत मी उठलो नाही. मालक दोनदा ओरडला, एकदा हात जोडले, मग आत गेला. तोच फायरवाला आला, हाताला पट्टी, बरोबर त्याचे साहेब आणि एक हवालदार. सगळ्यांना फाटकाबाहेर काढलं. मेन पडलेलाच होता. वायरमननं वर बॅटरी जोडली आणि फायरवाल्यानं जिन्याकडं काठी धरली. ती किंचाळली. साहेबांनी ऐकली, हवालदारानं ऐकली, गल्लीनं ऐकली.

"बस," साहेब म्हणाले. "बंद करो."

मी फायरवाल्याच्या पट्टीकडं बोट दाखवलं. "दुखता है क्या?" एवढंच विचारलं.

"थोड़ा," तो म्हणाला. "दाँत अच्छे हैं आपके."

हवालदारानं वायरचे फोटो काढले, जबाब घेतला. तेव्हा मी वायरमनला त्याची पक्कड परत केली, घरात जाऊन सदरा घातला आणि पोराला म्हणालो, "चल. तिला आणू."