सिंकमध्ये ओतलेली बिअर

सासूबाई पहिल्यांदा अमेरिकेत येणार होत्या, त्या सकाळी मी ह्यांच्या बिअरचे बाराही कॅन सिंकमध्ये ओतून दिले आणि वास लपवायला वर उदबत्ती लावली. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. सगळ्या घराण्याची अब्रू माझ्याच पदराखाली झाकलेली आहे, अशी माझी ठाम समजूत होती. हे रिकामे कॅन एकेक करून पिशवीत भरत राहिले.

आज शनिवार. हे मागच्या अंगणात बसलेत, हातात तोच साधासुधा अमेरिकन कॅन, त्यावरून थंड थेंब ओघळताहेत. घरं बदलली, चष्मे बदलले, गुडघेसुद्धा बदलून झाले. मुलगा महागड्या बाटल्या आणतो, म्हणतो, "बाबा, तुमची बिअर म्हणजे नुसतं पाणी!" हे हसतात आणि आपलाच कॅन फोडतात. परक्या गावात जे पहिल्यांदा आपलंसं वाटलं, त्याला माणूस असाच धरून राहत असेल. एवढी निष्ठा माझ्यावरही आहे का, हे मी विचारत नाही. उत्तराला वेळ लागला तर?

त्या दिवशी संध्याकाळी सासूबाईंनी फ्रीज उघडला, आत वाकून पाहिलं आणि मला म्हणाल्या, "अगं, बाळूची बिअर कुठंय? पत्रात सगळं लिहितो तो मला. तिच्याबरोबर खायला खारे दाणे भाजून आणलेत मी."