मॅनेज म्हणायचं नाही

लंडनमधल्या क्रॉयडनला ट्राम स्टॉपजवळच्या चर्च हॉलमध्ये दर गुरुवारी अकरा वाजता आठ-दहा बायका आणि दोन-तीन पुरुष जमतात. सगळे आपल्याकडचे, आणि प्रत्येकाच्या घरात स्वतःचं स्वतः करू न शकणारं एक लेकरू जन्मभर सांभाळायचं. कुणाचं सहा वर्षांचं, कुणाचं चाळिशीचं. या मंडळींचा नियम एकच, पण कडक: 'मॅनेज' म्हणायचं नाही. तोंडातून निघालं, की सगळ्यांचे कप विसळायचे.

हा नियम लीलावती टिपणिसांचा, म्हणजे लीलाकाकूंचा. वय चौऱ्याहत्तर, गुडघे दोन्ही गेलेले, जीभ मात्र शाबूत. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत सत्तावीस वर्षं काढली, नवऱ्याला पोचवलं, आणि चव्वेचाळीस वर्षांच्या जयंतची दाढी आजही त्याच करतात, बुटाची नाडीही त्याच बांधतात. पूर्वी कुणी विचारलं की "बरं चाललंय" म्हणायच्या. बरं कसलं डोंबलाचं! पण घरचं उणं चव्हाट्यावर आणायचं नाही, हे बाळकडूतच पाजलेलं ना आपल्याला. सरकारी मदतीचा फॉर्म भरून घेणारी बाई येते, कसं चाललंय विचारते, आणि आपण हसून म्हणतो, "वी मॅनेज." आपल्या मनात मॅनेज म्हणजे मरत-मरत ढकलतोय. ती लिहून घेते, यांचं छान चाललंय. झालं! मदत गेली दुसऱ्याच्या दारी.

"अगं, सगळ्यात वाईट दिवस सांग," काकू नव्या आयांवर ओरडायच्या. "चांगले दिवस देवाला सांग. त्या बाईला वाईटच सांगायचा."

सुनीती कार्डिफहून नवीन आली होती. तिची तनिषा नऊ वर्षांची, बोलत नाही, भिंतीवर डोकं आपटते. "काकू, मला सांगताच येत नाही, रडू येतं," ती म्हणाली. "मग रड की! रडणं इंग्लिशमध्येपण कळतं." काकूंनी तीन गुरुवार तिच्याकडून घोकून घेतलं. तनिषाला हवी ती शाळा मिळाली, घरी मदतनीसही मिळाली. सुनीती बेसनाचे लाडू घेऊन आली आणि काकूंच्या पायाच पडली.

आणि मग काकूंची स्वतःची वेळ आली. मार्चमध्ये कळलं, की एका संस्थेच्या घरात खोली रिकामी होतेय. जयंतसारखी चार माणसं, चोवीस तास मदतनीस, ट्रामने दोन स्टॉप. काकूंच्या हृदयाचं पंपिंग तीस टक्क्यांवर आलेलं. डोळे मिटायच्या आत जयंत तिथे रुळलेला बघायचा, एवढं एकच मागणं उरलं होतं.

संस्थेची बाई सोमवारी घरी येणार होती. सुनीती म्हणाली, "मी येते काकू, तेवढा वेळ जयंतदादाला फिरवून आणते."

"तू मला शिकवतेस? मीच शिकवलं ना तुला?" काकू फिस्कारल्या. काय दुर्बुद्धी सुचली!

सोमवारी जयंत नवा शर्ट घालून आईला चिकटून बसला. बाईने चांगलं विचारलं, अगदी हवं तेच: "एखादा वाईट दिवस सांगाल?" काकूंना सगळं तोंडपाठ. त्याने बाथरूममध्ये ढकललं तो दिवस, मनगट सुजलं होतं. तो ट्रामच्या रुळांवर धावला तो दिवस. "ही पुश्ड मी..." अशी इंग्लिशमध्ये सुरुवातही केली. जयंतने मान वर केली. त्याला सगळं कळतं हो, दोन-चार शब्दांपलीकडे बोलता येत नाही एवढंच. त्याने आईचा हात दोन्ही हातांत घेतला.

"आई, जयंत बॅड?"

"नाही रे राजा. गुड बॉय आहेस तू." आणि बाईकडे वळून, हसून, काकू म्हणाल्या, "वी मॅनेज."

"वी मॅनेज!" जयंतने टाळ्या पिटल्या. त्याला नवा शब्द सापडला होता. मग ट्राममध्ये, दुकानात, दिसेल त्याला तो तेच सांगत सुटला.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. आईचं व्यवस्थित चाललं आहे, सध्या निकड दिसत नाही, खोली दुसऱ्यांना दिली आहे. त्या बाईला तरी काय बोल लावायचा? तिने ऐकलं तेच लिहिलं.

त्या गुरुवारी काकू हॉलवर आल्या, पत्र टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांचे कप विसळू लागल्या. सुनीतीने वाचलं. "मी आले असते ना हो काकू," म्हणून ती हुंदके देऊ लागली. काकू म्हणाल्या, "त्याच्या तोंडावर कसं सांगायचं, ते मी तुम्हाला कधी शिकवलंच नाही गं. मलाच येत नव्हतं." पुन्हा अर्ज करायचा ठरलं. तोवर सुनीतीने रोज सकाळी नऊला फोन करायचा, हेही ठरलं.

जूनमधल्या एका मंगळवारी दूध गॅसवर ठेवता ठेवता काकू खाली कोसळल्या. शुद्ध होती, आवाज फुटत नव्हता. जयंतने आपली उशी आणून त्यांच्या डोक्याखाली सारली. नऊ वाजता फोन वाजला आणि त्याने उचलला.

"जयंतदादा, आई बरी आहे ना रे?" फोनच्या स्पीकरवरून सुनीतीचा आवाज काकूंना स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू आला. त्यांनी ओठ हलवले. जयंतने आईकडे पाहिलं. आईला आवडेल असंच उत्तर त्याने दिलं.

"वी मॅनेज," तो म्हणाला आणि शिकवलं होतं तसा फोन नीट जागेवर ठेवला. मग बूट आणून आईच्या हाताशी ठेवले, आणि नाडी बांधून घ्यायला तिच्याशेजारी बसून राहिला.