कुंकू लावलेले ट्रायलोबाइट

साठ सालच्या सुमारास बंगळूरच्या बसवनगुडीतल्या आमच्या घरातून मी भूगर्भशास्त्र शिकायला जात असे. वर्गात मुलगी मी एकटीच. वडिलांनी अट घातली होती, एका विषयात जरी गचकलीस तरी कॉलेज बंद. मी खुशाल हो म्हटलं.

प्रात्यक्षिकात ट्रायलोबाइट ओळखावे लागत. समुद्रतळाशी रांगणारे हे खवल्याखवल्यांचे प्राणी कोट्यवधी वर्षांपूर्वीच नामशेष झाले. आमच्या हाती त्यांचे दगड झालेले अवशेष. प्रयोगशाळेचे अटेंडर, आमचे अण्णा, पिढ्यान् पिढ्या बंगळूरचे मराठी. दसऱ्याच्या आयुधपूजेला ते हातोड्यांबरोबर या दगडांनाही तेलात कालवलेलं कुंकू लावत. ते दगडात मुरे आणि वर्षभर हलत नसे. डोक्यावर टिळा तो कॅलिमीन, शेपटीवर तो फॅकॉप्स, दोन बोटं उमटलेला ट्रायन्यूक्लियस. अख्खा वर्ग असाच ओळखायचा, आणि मी तर लांबूनच ओळखून भाव खायची.

परीक्षेच्या दिवशी ट्रेमधले दगड लख्ख होते.

“परीक्षक येणार की अक्का,” अण्णा म्हणाले, “म्हणून रॉकेल लावून स्वल्प घासलो.”

कुठे लाल ठिपका उरलाय का म्हणून मी दगड उलटेपालटे करून पाहिले, आणि खरं सांगते, पाठोपाठ हसूही आलं. अडला हरी, म्हणून मी भिंग धरलं. एकाच्या फुगीर डोळ्यात बारीक बारीक भिंगं ओळीने मांडलेली! हा फॅकॉप्स. दुसऱ्याला डोळेच नव्हते, पण डोक्याभोवती खळग्यांची झालर होती. तो ट्रायन्यूक्लियस. तिसऱ्याच्या अंगाच्या वळ्या मोजल्या, तेरा भरल्या, म्हणजे कॅलिमीन. मला टाळ्या पिटाव्याशा वाटत होत्या.

म्हातारे परीक्षक कधी मागे येऊन उभे राहिले, कळलंच नाही. वर्षभर हेच दगड हाताळलेत ना, मग एवढं हसू कसलं, असं त्यांनी विचारलं.

“हाताळले, सर. पाहिले मात्र आजच.”

बोलून गेले आणि जीभ चावली. आपल्याच हातांनी कॉलेज बंद करून घेतलं असं वाटलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, मग खिशातून स्वतःचा एक दगड काढून माझ्यापुढे ठेवला.

“मग हाही पाहा.”

तो मला ओळखता आला नाही. मी वळ्या मोजल्या, चुकले, पुन्हा मोजल्या. घंटा झाली, मुलं निघून गेली, परीक्षक गुण लिहून बाजूला उभे होते. पास की नापास, हे विचारायचंही मला सुचलं नाही.